शेंगेन व्हिसा

शेंगेन व्हिसा : यूरोपातील ज्या राष्ट्रांनी आपापसांतील सरहद्दींवरची तपासणी रद्द करून एक समाईक बाह्य सरहद्द मान्य केली आहे, त्या सर्व राष्ट्रांच्या प्रदेशात अल्पकाळ राहण्यासाठी परकीय प्रवाशास दिली जाणारी पूर्वानुमती. कोणत्याही १८० दिवसांच्या काळात जास्तीत जास्त ९० दिवस, ही या वास्तव्याची मर्यादा होय. पर्यटन, आप्तेष्टांच्या भेटी, व्यापारी वाटाघाटी, परिषदा, औषधोपचार इ. कारणांसाठी हा व्हिसा घेतला जातो. नोकरी करणे, दीर्घकाळ शिक्षण घेणे वा स्थायिक होणे यांसाठी तो चालत नाही. त्यांकरिता प्रत्येक राष्ट्राचे स्वतंत्र कायदे आहेत. २०२५ अखेर २९ राष्ट्रे या क्षेत्रात मोडत होती. त्यांपैकी पंचवीस यूरोपीय संघाची सदस्य असून नॉर्वे, आइसलँड, स्वित्झर्लंड व लिख्टेन्श्टाइन ही चार संघाबाहेरची आहेत. उलट आयर्लंड व सायप्रस ही संघाची सदस्य-राष्ट्रे त्या वेळी या क्षेत्राबाहेर होती. ग्रेट ब्रिटन या व्यवस्थेत कधीच सामील झाले नव्हते. म्हणून पॅरिसहून लंडनला जाणाऱ्या भारतीय प्रवाशास दोन निराळे व्हिसे काढावे लागतात.

‘व्हिसा’ हा शब्द ‘पाहिलेला कागद’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दप्रयोगावरून आला आहे. पहिल्या महायुद्धापूर्वी यूरोपच्या मोठ्या भागात पारपत्रावाचून प्रवास करता येत असे. युद्धकाळात सर्वच राष्ट्रांनी सरहद्दींवर निर्बंध घातले आणि शांतता प्रस्थापित झाल्यावरही ते उठविले नाहीत. पारपत्र प्रवाशाची ओळख पटविते, पण त्यास आत घ्यावे की नाही हे ठरविण्याचा यजमान राष्ट्राचा अधिकार त्याने कमी होत नाही. हा निर्णय सरहद्दीवर घेण्याऐवजी प्रवासी आपल्या देशात असतानाच घ्यावा, या सोयीतून आजची व्हिसापद्धती रूढ झाली.

इतिहास : सरहद्दीवरची तपासणी शिथिल करण्याचे प्रयत्न यूरोपात तुकड्यातुकड्यांनी झाले. बेल्जियम, नेदर्लंड्स व लक्सेंबर्ग यांनी १९६० मध्ये आपापसांत तसा करार केला. फेब्रुवारी १९८४ मध्ये सरहद्दींवरच्या दिरंगाईविरुद्ध मालमोटारचालकांनी रस्ते अडवून धरले. त्यानंतर जुलै १९८४ मध्ये फ्रान्स व पश्चिम जर्मनी यांनी सारब्र्युकेन येथे उभयपक्षी करार केला. पुढे या पाच राष्ट्रांनी मिळून १४ जून १९८५ रोजी लक्सेंबर्गमधील शेंगेन या खेड्याजवळ, मोझेल नदीत नांगरलेल्या ‘प्रॅन्सेस मारी-आस्त्रिद’ या जहाजावर करारनाम्यावर सह्या केल्या. या ठिकाणी फ्रान्स, जर्मनी व लक्सेंबर्ग यांच्या सीमा एकमेकींस भिडतात. त्या वेळच्या यूरोपीय समुदायातील दहांपैकी पाचच सदस्य या करारात होते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. कराराच्या अंमलबजावणीचा तपशील १९ जून १९९० च्या संकेतात ठरला आणि २६ मार्च १९९५ पासून सात राष्ट्रांत प्रत्यक्ष अंमल सुरू झाला. ॲम्स्टरडॅम तहानुसार १९९९ मध्ये ही सर्व व्यवस्था यूरोपीय संघाच्या कायद्यात समाविष्ट झाली. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ रोजी सामील झाला. बल्गेरिया व रूमानिया यांच्या विमान व सागरी मार्गांवरील तपासणी ३१ मार्च २०२४ रोजी, तर खुष्कीच्या मार्गांवरील तपासणी १ जानेवारी २०२५ रोजी संपुष्टात आली.

आतील सरहद्द उघडली की बाहेरच्या सरहद्दीवर एका राष्ट्राने घेतलेला निर्णय सर्वांस बांधतो. लिस्बनला उतरलेला प्रवासी पुढे कोणी न अडविता वॉर्साला पोहोचू शकतो. तेव्हा त्यास आत घेणाऱ्या पोर्तुगालची कसोटी पोलंडलाही पटली पाहिजे. समाईक व्हिसाचे मूळ या परस्परविश्वासात आणि त्याच्या जोडीने येणाऱ्या अविश्वासातही आहे. कोणत्या देशांच्या नागरिकांना व्हिसा लागेल याची समाईक यादी २००१ मध्ये कायद्याने निश्चित झाली (सुधारित रूप २०१८). अर्ज कसा घ्यावा, तपासावा व निकाली काढावा याचे नियम २००९ च्या व्हिसा-संहितेत एकत्र आले. ती ५ एप्रिल २०१० पासून लागू झाली.

दोन याद्या : २०१८ च्या कायद्यास जोडलेल्या पहिल्या यादीत ज्यांच्या नागरिकांना व्हिसा अनिवार्य आहे असे देश आहेत, भारत, चीन, पाकिस्तान व आफ्रिकेतील बहुतेक सर्व देश तिच्यात येतात. दुसऱ्या यादीतील देशांच्या नागरिकांना ९० दिवसांपर्यंत व्हिसावाचून राहता येते. जपान, अमेरिकेची संयुक्त संस्थाने, ब्राझील व ऑस्ट्रेलिया हे देश तिच्यात आहेत. कोणता देश कोणत्या यादीत जाईल हे ठरविताना बेकायदा स्थलांतर, सार्वजनिक सुरक्षितता, आर्थिक लाभ, परराष्ट्रसंबंध व परस्परता यांचा विचार होतो. याद्या कायमच्या नसतात. संयुक्त अरब अमिरातीस २०१५ मध्ये, जॉर्जिया व युक्रेन यांना २०१७ मध्ये आणि कोसोव्होला १ जानेवारी २०२४ पासून ही सूट मिळाली. पैशाच्या मोबदल्यात नागरिकत्व देण्याच्या योजनेमुळे व्हानुआटू या द्वीपराष्ट्राची सूट २०२२ मध्ये स्थगित झाली. व्हिसा हे राजनैतिक दबावाचेही साधन बनले आहे. बेकायदा राहिलेल्या आपल्या नागरिकांना परत घेण्यात एखादा देश टाळाटाळ करीत असेल, तर त्या देशातील सर्वच अर्जदारांसाठी शुल्क वाढविण्याची वा निर्णयाची मुदत लांबविण्याची तरतूद २०१९ मध्ये करण्यात आली. तिचा पहिला प्रयोग ऑक्टोबर २०२१ मध्ये गँबियावर झाला. यात शासनाच्या वर्तनाची झळ सामान्य प्रवाशास बसते, हा आक्षेप रास्त म्हणावा लागेल.

यादी व्यक्तीकडे पाहत नाही, तिच्या पारपत्राकडे पाहते. याचे जवळचे उदाहरण गोव्यात आढळते. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्या व्यक्ती आणि त्यांचे काही पिढ्यांपर्यंतचे वंशज पोर्तुगालच्या कायद्यानुसार तेथील नागरिकत्वाची नोंद करू शकतात. अशी नोंद करून पोर्तुगीज पारपत्र घेतलेल्यास यूरोपीय संघाचा नागरिक म्हणून कोठेही व्हिसा लागत नाही. भारतीय पारपत्र असलेल्या त्याच्या सख्ख्या भावास मात्र सर्व कागदपत्रांसह अर्ज करावा लागतो. भारतीय कायद्यास दुहेरी नागरिकत्व मान्य नसल्याने पोर्तुगीज पारपत्र घेणारा भारतीय नागरिकत्वास मुकतो आणि आपल्याच गावी येताना परकीयांसाठीच्या नियमांखाली येतो.

अर्ज व कागदपत्रे : अर्ज कोणत्या राष्ट्राकडे करावा याबाबत प्रवाशाला निवड नाही. प्रवासातील मुख्य मुक्काम ज्या राष्ट्रात असेल, म्हणजे जेथे सर्वाधिक दिवस राहावयाचे असेल किंवा प्रवासाचा प्रमुख हेतू जेथे साधावयाचा असेल, त्याच्याकडे अर्ज करावा लागतो. सर्वत्र सारखाच काळ राहावयाचे असल्यास प्रथम प्रवेशाच्या राष्ट्राकडे करावा लागतो. ज्या वकिलातीत लवकर काम होते असा समज असेल तेथे अर्ज करून प्रत्यक्षात भलत्याच देशात राहणे हा नियमभंग होय. त्यावरून व्हिसा रद्दही होऊ शकतो. अर्ज प्रवासापूर्वी सहा महिन्यांपर्यंत आधी करता येतो आणि सामान्यतः किमान पंधरा दिवस आधी तरी करावा लागतो. पारपत्र गेल्या दहा वर्षांत दिलेले, परतीच्या नियोजित तारखेनंतर तीन महिने चालणारे व दोन कोरी पाने असलेले हवे. प्रवासी-विमा सर्व शेंगेन क्षेत्रास लागू असा आणि किमान ३०,००० यूरोंचा लागतो. वैद्यकीय उपचार, रुग्णालयाचा तातडीचा खर्च व प्रवासी मृत्यू पावल्यास शव मायदेशी नेण्याचा खर्च यांचा त्यात समावेश असावा लागतो. ११ जून २०२४ पासून शुल्क प्रौढांस ९० यूरो व सहा ते बारा वर्षांच्या आतील मुलांस ४५ यूरो करण्यात आले. सहा वर्षांखालील मुलांस शुल्क नाही. व्हिसा नाकारला गेला तरी शुल्क परत मिळत नाही.

बहुतेक वकिलाती कागदपत्रे स्वीकारण्याचे काम खाजगी संस्थांकडे सोपवितात. या व्यवसायातील व्हीएफएस ग्लोबल ही जगभर पसरलेली संस्था २००१ मध्ये मुंबईत सुरू झाली. अशा संस्था निराळे सेवाशुल्क घेतात. मात्र व्हिसा देण्या-न देण्याचा अधिकार त्यांना नाही, तो वकिलातीतील अधिकाऱ्याचाच असतो. अर्जदाराच्या दहा बोटांचे ठसे व छायाचित्र समाईक माहितीसंचात साठविले जातात. भारतात ही पद्धत २ नोव्हेंबर २०१५ पासून सुरू झाली. एकदा दिलेले ठसे ५९ महिने पुन्हा वापरता येतात. बारा वर्षांखालील मुलांचे ठसे घेतले जात नाहीत.

परतीचा हेतू : वर सांगितलेले कागद जमविणे कष्टाचे असले, तरी अवघड नाही. अर्ज खरोखर अडतो तो एकाच प्रश्नापाशी : व्हिसाची मुदत संपण्यापूर्वी हा प्रवासी परत जाईल काय? नोकरीचे पत्र, रजेचा दाखला, आयकराची विवरणपत्रे, बँकेचे उतारे, मालमत्तेचे कागद, मायदेशी असलेले कुटुंब हे सारे पुरावे या एका प्रश्नाच्या उत्तरासाठी मागितले जातात. हा निर्णय घडलेल्या गोष्टीविषयीचा नसून पुढे घडणाऱ्या गोष्टीविषयीचा असतो, आणि तो घेणारा अधिकारी पुष्कळदा अर्जदारास भेटलेलाही नसतो. अर्जदाराने कोणताही नियम मोडलेला नसतानाही त्याच्यासारख्या स्थितीतील इतरांनी काय केले, यावरून त्याच्याविषयी अनुमान काढले जाते. त्यामुळे तरुण, अविवाहित, बेरोजगार किंवा अनियमित उत्पन्न असलेल्या अर्जदारास आपला प्रामाणिकपणा सिद्ध करणे स्वाभाविकच जड जाते. निश्चित वेतनाच्या नोकरदाराकडे जे कागद आपोआप असतात, ते शेतकऱ्याकडे वा छोट्या दुकानदाराकडे असतीलच असे नाही. येथे खिशातील पैशापेक्षा पैशाची नोंद अधिक मोलाची ठरते. अर्जाच्या तोंडावर बँकखात्यात एकदम भरलेली मोठी रक्कम याच कारणाने उपयोगी पडण्याऐवजी संशयास कारण होते.

या अधिकाराची मर्यादा यूरोपीय न्यायालयाने ठरविली आहे. एका इराणी नागरिकाच्या प्रकरणात १९ डिसेंबर २०१३ रोजी न्यायालयाने दोन गोष्टी स्पष्ट केल्या. संहितेत नमूद केलेल्या कारणांखेरीज अन्य कारणाने व्हिसा नाकारता येत नाही, ही एक. परंतु त्या कारणांचे मूल्यमापन करताना अधिकाऱ्यास विस्तृत स्वविवेक आहे आणि अर्जदार परतणार नाही अशी खात्री पटण्याची गरज नाही, त्याच्या हेतूविषयी वाजवी शंका असली तरी नकारास पुरेशी आहे, ही दुसरी. पहिल्या भागाने अर्जदारास संरक्षण दिले, तर दुसऱ्या भागाने शंकेचा फायदा अधिकाऱ्याच्या पदरात टाकला. फौजदारी न्यायात तो आरोपीस मिळतो, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

नकार लेखी व ठराविक नमुन्यात, कारणाच्या घरात खूण करून दिला जातो. त्याविरुद्ध दाद मागण्याचा अर्जदारास हक्क आहे. तिची रीत व मुदत निर्णय देणाऱ्या राष्ट्राच्या कायद्यानुसार निरनिराळी असते. ही दाद कोणत्या तरी टप्प्यावर न्यायालयापुढे नेता आली पाहिजे, केवळ खात्यांतर्गत फेरविचार पुरेसा नाही, असा निकाल १३ डिसेंबर २०१७ रोजी लागला. दुसऱ्या एखाद्या सदस्य-राष्ट्राच्या हरकतीमुळे व्हिसा नाकारला असेल, तर ते राष्ट्र कोणते व हरकत काय हे अर्जदारास कळविले पाहिजे, असे २४ नोव्हेंबर २०२० च्या निकालाने ठरले. याउलट यूरोपात आश्रय मागता यावा म्हणून अल्पकालीन व्हिसा मागणाऱ्या सिरियन कुटुंबाच्या प्रकरणात ७ मार्च २०१७ रोजी न्यायालयाने अशी मागणी संघाच्या व्हिसा-संहितेखाली येत नाही, असे म्हटले. परतीच्या हेतूवर उभारलेल्या कायद्यात परतणे अशक्य असलेल्या माणसास स्थान उरत नाही, हे त्यातून उघड झाले.

निर्णय सामान्यतः पंधरा दिवसांत व्हावा, विशेष चौकशी लागल्यास पंचेचाळीस दिवसांपर्यंत, असा नियम आहे. प्रत्यक्षात उन्हाळी सुटीच्या सुमारास अर्ज देण्यासाठी वेळ मिळण्यातच कित्येक आठवडे जातात. २०२४ मध्ये जगभरातून सुमारे १ कोटी १७ लाख अर्ज आले व सुमारे ९७ लाख व्हिसे दिले गेले. चीन व तुर्कस्तान यांच्या खालोखाल सर्वाधिक, म्हणजे ११ लाखांवर अर्ज भारतातून होते.

दिवसगणना : व्हिसाच्या स्टिकरवर तीन नोंदी असतात आणि त्यांतील घोटाळ्यामुळे अनेक प्रवासी नकळत नियमभंग करतात. पहिली नोंद व्हिसा कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत वापरता येईल याची, दुसरी किती वेळा प्रवेश करता येईल याची व तिसरी एकूण किती दिवस राहता येईल याची असते. एकाच प्रवेशाच्या व्हिसात बेत थोडा पुढेमागे झाल्यास सोय व्हावी म्हणून पहिल्या नोंदीत सामान्यतः पंधरा दिवस अधिक दिलेले असतात; मात्र राहण्याचे दिवस वाढलेले नसतात. दहा दिवसांची मुभा असलेला प्रवासी ‘पर्यंत’ची तारीख पाहून वीस दिवस राहिला, तर तो दहा दिवस बेकायदा राहिलेला ठरतो. वर्षभराचा किंवा पाच वर्षांचा व्हिसा मिळाला तरी दर १८० दिवसांत ९० दिवसांची मर्यादा कायम असते.

ही मर्यादा पूर्वी ‘पहिल्या प्रवेशापासून सहा महिन्यांत तीन महिने’ अशी होती. एका सहामाहीच्या अखेरीस येऊन पुढील सहामाहीच्या आरंभापर्यंत जवळजवळ सलग सहा महिने राहण्याची पळवाट तीत होती. १८ ऑक्टोबर २०१३ पासून गणना बदलली. आता वास्तव्याच्या प्रत्येक दिवशी त्या दिवसासह मागील १८० दिवस मोजावयाचे व त्यांत राहिल्याचे दिवस ९० पेक्षा अधिक नाहीत, हे पाहावयाचे. प्रवेशाचा व परतीचा हे दोन्ही दिवस धरले जातात. समजा, अनेक प्रवेशांचा व्हिसा असलेली पुण्यातील एक आजी जर्मनीतील मुलाकडे १ ते ३० जानेवारी २०२५ (३० दिवस) व पुन्हा १ एप्रिल ते ३० मे (६० दिवस) राहिली. ३० मे रोजी तिचे ९० दिवस पुरे झाले. ३१ मे रोजी तिला तेथे राहता येणार नाही. ३० जून रोजी मात्र मागील १८० दिवसांची गणना २ जानेवारीपासून सुरू होते. १ जानेवारीचा दिवस बाहेर पडतो व त्याच्या जागी एक दिवस मिळतो. तेव्हापासून रोज जानेवारीतील एकेक दिवस गळत जातो आणि २९ जुलैपर्यंत असे तीस दिवस तिला पुन्हा राहता येते. मर्यादा ओलांडणाऱ्यास संबंधित राष्ट्राच्या कायद्यानुसार दंड होऊ शकतो व प्रवेशबंदीही घातली जाऊ शकते. ही बंदी समाईक नोंदवहीत गेल्यास सर्वच राष्ट्रांत लागू होते.

नियमितपणे व्हिसा वापरून वेळेवर परतणाऱ्यांस क्रमाने अधिक मुदतीचे व्हिसे देण्याची पद्धत आहे. भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी यूरोपीय आयोगाने १८ एप्रिल २०२४ रोजी सवलतीचा क्रम ठरविला. त्यानुसार मागील तीन वर्षांत दोन व्हिसे रीतसर वापरलेल्यास दोन वर्षांचा आणि त्यानंतर, पारपत्राची मुदत पुरेशी असल्यास, सामान्यतः पाच वर्षांचा व्हिसा मिळतो. पहिल्यांदाच अर्ज करणाऱ्यास याचा काही उपयोग नाही.

अन्य तरतुदी : विमानतळाबाहेर न पडता केवळ विमान बदलणाऱ्यांनाही काही देशांच्या बाबतीत संक्रमण-व्हिसा लागतो. समाईक यादीतील अशा बारा देशांत पाकिस्तान, बांगला देश व श्रीलंका आहेत, भारत नाही. तथापि एखादे राष्ट्र स्वतंत्रपणे अशी अट घालू शकते. जहाजावर रुजू होण्यास निघालेल्या खलाशांना विशिष्ट परिस्थितीत सरहद्दीवरच व्हिसा देता येतो. संघाच्या मुक्त-संचाराच्या कायद्याचा लाभ मिळणाऱ्या यूरोपीय नागरिकांच्या परकीय कुटुंबीयांना व्हिसा विनाशुल्क मिळतो. मानवतेच्या किंवा राष्ट्रहिताच्या कारणास्तव एखादे राष्ट्र केवळ आपल्या प्रदेशापुरता व्हिसाही देऊ शकते.

व्हिसा हाती असला तरी प्रवेशाचा हक्क मिळत नाही. सरहद्दीवरील अधिकारी प्रवासाचा हेतू, निवासाची सोय, परतीचे तिकीट व पुरेसे पैसे यांची पुन्हा विचारणा करू शकतो आणि समाधान न झाल्यास परत पाठवू शकतो. म्हणून अर्जासोबत दिलेल्या कागदांच्या प्रती जवळ ठेवणे इष्ट असते. आतील सरहद्दीही नेहमीच मोकळ्या असतात असे नाही. सुरक्षिततेस धोका निर्माण झाल्यास तेथे तात्पुरती तपासणी सुरू करता येते. फ्रान्सने नोव्हेंबर २०१५ पासून व जर्मनीने सप्टेंबर २०२४ पासून सर्व भूसीमांवर अशी तपासणी सुरू केली व तिला वेळोवेळी मुदतवाढ दिली. प्रवाशाने रेल्वेने एका देशातून दुसऱ्यात जातानाही पारपत्र बरोबर बाळगावे ते यासाठी.

१२ ऑक्टोबर २०२५ पासून बाह्य सरहद्दींवर परकीय प्रवाशांच्या येण्याजाण्याची नोंद पारपत्रावरील शिक्क्याऐवजी संगणकीय पद्धतीने, चेहऱ्याचे छायाचित्र व बोटांचे ठसे यांसह, टप्प्याटप्प्याने घेण्यास आरंभ झाला. राहिलेले दिवस यंत्रच मोजत असल्याने पुसट शिक्क्यावर हवाला ठेवण्याचा मार्ग यामुळे बंद होतो. पारपत्रात चिकटविण्याच्या स्टिकरऐवजी संगणकीय व्हिसा देण्याचा कायदाही २०२३ मध्ये संमत झाला असून त्याची अंमलबजावणी क्रमाक्रमाने व्हावयाची आहे.